तीन दिवसांत संमोहनतज्ज्ञ?

प्रश्न : मी कराडला टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय मानसशास्त्र. तीन दिवसांचा संमोहन उपचाराचा कोर्स आहे, फी चाळीस हजार. बाबा म्हणतात, तो केलास तर एम.ए. कशाला? मला मात्र संमोहनात नेमकं काय होतं, हे समजून घ्यायचंय. काय करू?

उत्तर : तुझं शेवटचं वाक्य मला फार आवडलं, कारण त्यावर संशोधकांचंच अजून एकमत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अर्नेस्ट हिलगार्ड म्हणत, संमोहनात जाणीव दुभंगते. एक भाग सूचना पाळतो, दुसरा आतून पाहत राहतो. दुसरे मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पॅनॉस यांना ते अमान्य होतं. त्यांच्या मते वेगळी तंद्री नसतेच. माणूस आपल्या अपेक्षेप्रमाणे आणि त्या प्रसंगात शोभेल तसं वागतो.

कोण संमोहनाला किती प्रतिसाद देतो, हे मोजायला हिलगार्ड आणि त्यांचे सहकारी वाइट्झेनहॉफर यांनी 1959 मध्ये बारा कसोट्यांची मोजपट्टी काढली. एका कसोटीत सांगतात, तुमच्याभोवती माशी घोंघावतेय. कुणी खरोखर हाताने ती हाकलतो, कुणी ढिम्म बसून राहतो. पुढे त्याच लोकांना 25 वर्षांनी तपासलं, तर गुण बरेचसे तसेच! 'कुणालाही संमोहित करा' अशी जाहिरात दिसली, की हे आठव.

1997 च्या रेनव्हिल यांच्या प्रयोगात लोकांचे हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात ठेवले होते. त्रास कमी किंवा जास्त वाटेल अशा सूचना दिल्या, तसं मेंदूतल्या अग्र सिंग्युलेट भागाचं, म्हणजे वेदनेच्या त्रासाशी जोडलेल्या भागाचं, काम बदललं. स्पर्श नोंदवणारा भाग मात्र जवळपास तसाच राहिला. आतड्यांच्या आयबीएस या विकारावर मँचेस्टरच्या व्हॉरवेल यांनी 1984 मध्ये संमोहनाचा चांगला उपयोग दाखवला.

पण संमोहनात खोट्या आठवणीही तयार होतात आणि माणूस त्या छातीठोकपणे खऱ्या मानतो. समोरच्याला मानसिक आजारामुळे भास होताहेत का, हे ओळखायला तीन दिवसांत कुणी शिकवू शकत नाही. मला खरी काळजी तिथेच वाटते.

म्हणून आधी एम.ए., मग भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला क्लिनिकल सायकॉलॉजीचा अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी. या अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलते आहे, तेव्हा प्रवेशाआधी परिषदेच्या यादीत संस्थेचं नाव स्वतः बघ. संमोहन त्यानंतर शिक, अनुभवी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली. बाबांना चाळीस हजार एम.ए.च्या हॉस्टेलसाठी राखून ठेवायला सांग. आणि संख्याशास्त्राची भीती असेल तर ती याच वर्षी घालव. स्पॅनॉस आणि हिलगार्ड यांच्यातला वाद वाचायला तेच लागेल.