पोर्शे ९११: कूप, कॅब्रिओले की टार्गा? निपाणीत राहून कुठली घ्यावी?

तुमचा प्रश्न असा: ९११ च्या तीन बॉड्यांमध्ये नेमका फरक काय, जास्त ताकदीच्या, महागड्या टर्बो एसचे जादा पैसे वसूल होतात का, आणि निपाणीत राहून कोल्हापूर, बेळगाव, गोवा अशी ये-जा असेल तर कुठली परवडेल. आधी उत्तर सांगून मोकळा होतो. कूप घ्या, साधी कॅरेरा (९११ चा पायाभूत प्रकार) घ्या, आणि पुढची बाजू उचलायची सोय असेल तरच घ्या. आता कारणं बघू.

मी बेळगावात उद्यमबागेत मशिनिंगचं काम करतो. पोर्शे माझ्याकडे नाही, आणि मी ती विकतही नाही. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे ९९२ पिढीतली (२०१९ च्या सुमारास आलेली) कॅरेरा एस आहे. तिच्यात शेजारी बसून भरपूर फिरलोय, आणि मालक खुशीत असले की चावी माझ्याकडेही येते.

१९६३ ला फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांपुढे आली ती कूप, म्हणजे पक्क्या छपराची, म्हणूनच. मागच्या काचेपर्यंत उतरत जाणारं ते छप्पर हीच तिची ओळख, बाकीच्या दोन बॉड्या नंतरच्या. त्यातली टार्गा १९६५ ची. अमेरिकेत सुरक्षेच्या नावाखाली उघड्या गाड्यांवर गदा येईल अशी तेव्हा धास्ती होती, म्हणून पोर्शेनं डोक्यामागं एक जाड धातूची कमान ठेवली आणि फक्त वरचा तुकडा काढता येईल असं केलं. नाव सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीवरून. आत्ताच्या टार्गामध्ये बटन दाबलं की मागची आख्खी काच उचलून मागं सरकते, छप्पर तिच्याखाली जाऊन बसतं आणि काच परत जागेवर येते. बघायला लई देखणं. पण ह्याला १९ सेकंद लागतात आणि गाडी उभी करावी लागते. कॅब्रिओलेचं कापडी छप्पर १२ सेकंदांत, आणि ताशी ५० पर्यंत चालू गाडीतही मिटतं.

हा फरक शोरूममध्ये किरकोळ वाटतो. बेळगावहून गोव्याला जाताना जांबोटी सोडून कणकुंबीकडं निघालात की किरकोळ राहत नाही. तिथं पाऊस विचारून येत नाही, आणि चोर्ला घाटाच्या अरुंद रस्त्यावर मागून गोव्याकडचे ट्रक येत असताना गाडी कडेला घेऊन १९ सेकंद काच नाचवत बसणार कोण? तेव्हा उघडीच हवी असेल तर कॅब्रिओले घ्या. टार्गा कितीही सुंदर असली तरी आपल्या भागात ती लग्नाच्या फोटोपुरती.

मला विचाराल तर कॅब्रिओलेही नको. छप्पर उघडायचे दिवस आपल्याकडं किती, हे एकदा मोजून बघा. जून ते सप्टेंबर पाऊस, फेब्रुवारीनंतर ऊन. राहिली थंडी, म्हणजे ऐन गळिताचा हंगाम. चिकोडी, संकेश्वर, रायबाग पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरामागं उघड्या गाडीत बसून बघा एकदा, पाचट केसांत घेऊन घरी जाल. त्यात कूपपेक्षा साधारण ७० किलो जास्त वजन.

आता ताकद. २०१९ च्या सुमाराची साधी कॅरेरा घेतली तर ३ लिटरचं, दोन टर्बोचं, सहा सिलिंडरचं इंजिन, ३८५ पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच), शून्यापासून शंभराला ४.२ सेकंद. कॅरेरा एसमध्ये ४५० पीएस. २०२० ची टर्बो एस म्हणाल तर ६५० पीएस, ८०० न्यूटन मीटर टॉर्क, २.७ सेकंद, कमाल वेग ३३०. नवीन जीटीएस प्रकारात तर हायब्रिडही आलंय. आकडे खोटे नाहीत, पण चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर मोटारीला मुभा १०० चीच. ४.२ आणि २.७ यांतला दीड सेकंद तुम्ही काकती ते संकेश्वर कुठं वापरणार? साधी कॅरेरासुद्धा पाठ सीटला अशी चिकटवते की शेजारचा माणूस नकळत दाराचं हँडल धरतो.

ह्या गाडीची खरी करामत ब्रेक मारताना कळते, आणि ती इंजिन मागं असल्यामुळे आहे. ब्रेक दाबला की कुठल्याही गाडीचं वजन पुढं झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागचे ब्रेक अर्धेच कामाला येतात. हिच्यात मागच्या चाकांच्याही मागं इंजिन बसलेलं, त्यामुळे मागच्या टायरांवर भार टिकतो आणि चारही ब्रेक धरतात. रात्री हत्तरगीच्या पुढं टेललाइट नसलेली ट्रॉली अचानक उजेडात येते तेव्हा ह्याची किंमत कळते. सुटतानाही तेच वजन मागच्या चाकांना पकड देतं.

त्याच वजनाची दुसरी बाजूही ऐका. घाटात वळणाच्या मधोमध घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर भार पुढं जातो, मागची बाजू हलकी होते आणि ते जड इंजिन तिला बाहेर ओढायला बघतं. जुन्या ९११ ची ह्याबाबत बदनामी होती. आता रुंद टायर आणि इलेक्ट्रॉनिक्स सावरून घेतात, तरी सवय अशी लावून घ्या की वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात पाय स्थिर ठेवायचा. आंबोलीच्या धुक्यात तर हे ठरवूनच निघायचं.

फीचर्सची यादी लांब आहे. स्क्रीन, सीट, आवाजाचा एक्झॉस्ट वगैरे तुम्हाला सेल्समन सांगेलच. मला आवडलं ते वेट मोड. पुढच्या चाकांच्या कमानीत आवाज ऐकणारे सेन्सर आहेत. टायरांनी उडवलेल्या पाण्याच्या आवाजावरून रस्ता ओला आहे हे गाडी ओळखते आणि तुम्हाला सांगते. मोड मात्र तुम्हीच लावायचा. मग थ्रॉटल मवाळ होतो आणि घसरण रोखणारी यंत्रणा लवकर जागी होते. चार महिने ओल्या रस्त्यांवर चालवणाऱ्या माणसाला शंभर पीएसपेक्षा हे कामाचं.

आणि दुसरं म्हणजे ती पुढची लिफ्ट. टिळकवाडीतलं दुसरं रेल्वे गेट ओलांडताना आमचे मालक आधी बटन दाबतात. नाक साधारण ४० मिमी वर येतं, मग रुळांवर गाडी तिरकी घालून एकेक चाक हळू सोडतात. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवतात, वाजवू देत. बटन विसरलं तर खालची पट्टी खर्रकन घासते, आणि तो आवाज ज्यानं बिल भरलंय त्यालाच कळतो. २०२० नंतरच्या गाड्यांत जागा लक्षात ठेवायची सोयही मिळते, एकदा नोंदवली की त्या ठिकाणी नाक आपोआप उठतं. पण आपल्याकडं प्रत्येक गावाच्या वेशीवर हंप, किती नोंदवाल?

एस न घेता साधी घ्या म्हणतो त्यामागं टायरही आहेत. साधीला पुढं १९ आणि मागं २० इंची, एसला २० आणि २१. व्हील मोठं तेवढी रबराची भिंत बुटकी, आणि खड्ड्यात रिम गेलं की गेलं. स्टेपनी तर नाहीच, टायरात भरायचा चिकट द्रव आणि हवेचा छोटा पंप एवढंच मिळतं. बाजूनं फाटलेल्या टायरला त्याचा काही उपयोग नाही, मग टोइंगची गाडी मागवायची. बेंगळुरू असो की मुंबई, शोरूम शेकडो किलोमीटर लांब.

राहिला नंबर. कर्नाटकात २० लाखांवरच्या गाडीला १८ टक्के लाइफ टॅक्स आणि वर सेस, महाराष्ट्रात कर कमी बसू शकतो. एवढ्या किमतीवर फरक लाखांत जातो, त्यामुळे कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच ०९ घ्यायचा सल्ला तुम्हाला चार जण देतील. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्याची गाडी इथं १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो. राहणार निपाणीत तर केए २३ चाच, म्हणजे चिकोडीच्या नंबराचाच, हिशेब धरून बजेट ठरवा.

वापरलेली बघत असाल तर पेंट आणि किलोमीटर बघण्याआधी लिफ्टचं बटन आहे का ते बघा. ती कारखान्यातूनच बसून आलेली बरी, मागाहून बसवायचा खर्च ऐकून तुम्हीच नको म्हणाल.