तांबं की ॲल्युमिनियम? आधी मशीन एसी आहे की डीसी ते बघा

तुम्ही विचारलंय की घरी २०० अँपिअरचं डीसी इन्व्हर्टर आहे, त्याला टिगचा (आर्गॉन वायूच्या आडोशात टंगस्टनच्या टोकातून आर्क काढणाऱ्या वेल्डिंगचा) टॉर्च जोडलाय, लोखंडावर हात बसलाय. आता आधी तांबं शिकू की ॲल्युमिनियम? आणि दोन्ही एकमेकांना जोडता येतील का?

मी नाशिकच्या सातपूरला फॅब्रिकेशनमध्ये आहे, दोन्ही धातू रोज हाताखालून जातात. तुमच्या मशीनवर तांबंच घ्या. कारण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची साय असते. धातू ६६० अंशाला वितळतो, ही साय मात्र २००० अंशांच्याही पुढे. आत पाणी झालेलं असतं आणि वरून पत्रा जसाच्या तसा दिसतो. एसी टिगमध्ये टंगस्टन पॉझिटिव्ह असतानाच्या अर्ध्या फेरीत ती साय फुटते. तुमच्या डीसीवर, आर्गॉन लावून, ती फुटणार नाही. टंगस्टन पॉझिटिव्हला जोडायचा प्रयत्न करू नका, त्याचा गोळा होऊन टोक जळतं.

पुढे एसी मशीन हाताशी आलं की एक गोष्ट डोळ्यांना शिकवावी लागेल. लोखंड लाल होऊन आधी सांगतं, ॲल्युमिनियम सांगत नाही. आर्कखाली पृष्ठभाग आधी मळकट, सुरकुतलेला दिसतो आणि एका क्षणी तिथे आरशासारखं चकचकीत टिपूस उमटतं. फिलर, म्हणजे जोडात वितळवून घालायची तार, तेव्हाच द्यायची. एक सेकंद थांबलात तर पत्रा खाली गळालाच. ब्रश स्टेनलेसचा आणि फक्त ॲल्युमिनियमसाठीच ठेवलेला हवा. आधी ॲसिटोनने तेल पुसायचं, मग ब्रश. उलट केलंत तर तेल धातूत घासलं जातं.

तांब्याची अडचण वेगळी. १०८५ अंशाला वितळतं, पण उष्णता इतकी झपाट्याने वाहून नेतं की आर्क एका जागी धरून ठेवला तरी काही होत नाही आणि तोवर लांबचं टोक हाताला चटका देतं. तीन-चार मिलीमीटरच्या पुढे जाडी गेली की आधी तापवून घेतल्याशिवाय २०० अँपिअर पुरत नाहीत. दीड मिलीमीटरचा पत्रा घ्या, टंगस्टन निगेटिव्हला, आर्गॉन आणि सिलिकॉन ब्राँझची फिलर. विजेच्या बसबारचे तुकडे मोडीत स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. त्या तांब्यात बहुधा ऑक्सिजन असतो, जोडाला बारीक भोकं पडतात. पाइपचं तांबं फॉस्फरस घालून ऑक्सिजन काढलेलं असतं, ते चांगलं. पितळ तर सुरुवातीला नकोच. त्यातलं जस्त ९०७ अंशालाच उकळतं, पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो.

खरं सांगायचं तर तांब्याला वेल्डिंगपेक्षा ब्रेझिंग, म्हणजे कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूने झाळणं, जास्त मानवतं. नाशिकच्या तांबटांच्या हातची भांडी पाहिलीत तर लक्षात येईल, ठोकून घडवणं आणि झाळणं यावरच हे काम पिढ्यानपिढ्या चाललंय, मूळ धातू वितळवावाच लागत नाही. एअर कंडिशनर-फ्रिज दुरुस्त करणारे मेकॅनिक वापरतात ती तांबं-फॉस्फरसची कांडी घ्या. तांब्याला तांबं जोडताना तिला फ्लक्सही (ऑक्साइड काढणारी पूड किंवा लेपही) लागत नाही. ज्योत कांडीवर धरू नका, नळीवर धरा. नळी पुरेशी तापली की कांडी टेकवताच रस फटीत आपोआप ओढला जातो. ते एकदा पाहिलं की पुन्हा पुन्हा करावंसं वाटतं. हीच कांडी लोखंडाला मात्र लावायची नाही, जोड ठिसूळ होतो. पिण्याच्या भांड्याला शिशाचं किंवा कॅडमियमचं काहीही चालणार नाही.

तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र वितळवून जोडायचं डोक्यातून काढा. मध्ये ठिसूळ थर तयार होतो आणि थंड होतानाच तडकतो. कारखान्यात हे घर्षणाने जोडतात, घरी नट-बोल्ट आणि मधे टिनचा मुलामा असलेली पट्टी.

ॲल्युमिनियमची फ्रेम करायची झाली तर ताकदीचा हिशेब नीट करा. ६०६१-टी६ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद मूळ ३१० मेगापास्कलच्या आसपास, जोडाशेजारी ती १६५ पर्यंत उतरते. म्हणून वजन पेलणारा जोड सर्वांत ताणाच्या जागी ठेवू नका. ७०७५ हा मिश्रधातू तर वेल्ड करूच नका, तडे जातात. विमानाच्या सांगाड्याला इतके रिव्हेट असतात, त्यामागे हेही एक कारण आहे. सरावाला खिडक्यांच्या सेक्शनचे उरलेले तुकडे आणा. ते बहुतेक ६०६३ चे असतात आणि ४०४३ फिलरने छान जुळतात. फक्त त्यांच्यावरचं ॲनोडायझिंग (मुद्दाम चढवलेला ऑक्साइडचा जाड थर) जोडाच्या जागी आधी पूर्ण घासून काढा, नाहीतर एसी मशीनवरही साय फुटणार नाही.