विचारा, सांगतो : कातडी कडक झाली की आवाज जोरात पळतो का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टरसाहेब, माझ्या काकूच्या हाताची कातडी कडक होऊन राहिलीये, बोटं पूर्ण मिटत नाहीत. स्क्लेरोडर्मा निघालं, बायोप्सीपण झाली. भाचा म्हणतो की आवाजावर चालणारा मायक्रोस्कोप असतो, त्यात कडकपणा आकड्यात समजतो. डॉक्टर तर दर वेळी नुसतं चिमटीत धरून बघतात. मग ही टेस्ट इंदूरात करून घ्यावी का? आणि भाऊजींचा फायब्रोस्कॅन झाला होता, ते हेच का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : भाचा खरं बोलतोय, पण ते मशीन काकूंच्या हातावर ठेवायचं नसतं, बायोप्सीच्या तुकड्यावर चालतं. 1974 साली स्टॅनफर्डमध्ये लेमन्स आणि क्वेट या दोघांनी ते बनवलं. तुकड्याचा काही मायक्रोन (मायक्रोन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा काप काचेवर घेतात, त्यावर पाण्याचा थेंब आणि त्या थेंबात नीलमच्या दांडीचं टोक, खाली खोलगट घासलेलं, म्हणजे आवाज एका बिंदूवर गोळा होतो. पाणी लागतंच, कारण इतक्या उंच पट्टीचा आवाज हवेत लगेच मरतो. 1 गिगाहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला अब्ज कंपनं, पाण्यात लाटेची लांबी जेमतेम दीड मायक्रोन असते, म्हणून पेशीएवढं बारीक दिसतं. एक प्रतिध्वनी कापाच्या वरच्या बाजूने येतो, दुसरा खालच्या काचेवरून, दोघांतल्या फरकावरून आवाजाचा वेग काढायचा. पाण्यात तो सेकंदाला साधारण 1500 मीटर असतो, कोलाजेन, म्हणजे कातडीतले प्रथिनाचे चिवट धागे, दाट असेल तिथे वाढतो. काप रंगवावाही लागत नाही, आणि जखमेच्या व्रणात कोलाजेनचे जुडगे कुठे घट्ट झालेत हे बिंदू-बिंदू कळतं, ते मला खरंच भारी वाटतं.

आता फायब्रोस्कॅन. ते हे नाही. त्यात बरगड्यांवरून हलकासा धक्का देतात, 50 हर्ट्झचा, आणि त्याची आडवी लाट लिव्हरमधून किती जोरात जाते ते बघतात. निरोगी लिव्हरमध्ये ती सेकंदाला एक-दीड मीटर इतकीच चालते, सिरॉसिसमध्ये दुप्पट किंवा त्याहूनही जास्त. आवाजाच्या वेगात एवढी उडी कधीच दिसत नाही, कारण शरीर बहुतेक पाण्याचंच आणि पाणी दबायला तयार नसतं, मग कडक असो की मऊ, वेग थोडाच हलतो. म्हणजे चिमटीला जे जाणवतं ते आडव्या लाटेच्या जवळचं आहे, मायक्रोस्कोप वेगळाच कडकपणा मोजतो. शिवाय फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या द्रावणात) ठेवलेला तुकडा जिवंत कातडीसारखा राहत नाही, तेव्हा तो आकडा काकूंच्या हाताचा म्हणून धरू नका, एकाच कापात इथलं-तिथलं ताडून बघायला तो ठीक.

म्हणून मी तरी सांगेन, त्यामागे धावू नका, ते संशोधनाचं काम आहे. आणि चिमटीला कमी लेखू नका! शरीरावर ठरलेल्या 17 जागा आहेत, प्रत्येकीला 0 ते 3 मार्क, बेरीज 51 पर्यंत, याला रॉडनन स्कोअर म्हणतात, जगभर कातडीचा कडकपणा असाच मोजतात. एकाच डॉक्टरकडून दर वेळी करून घ्या, हात बदलला की मार्क बदलतात. दर वेळचे मार्क फाइलमध्ये लिहून मागा.

हा आजार आतल्या अवयवांनाही धरू शकतो, म्हणून कातडीपेक्षा माझं लक्ष फुप्फुसांवर आणि किडनीवर राहील. श्वासाची तपासणी झाली का, आणि बीपी घरी मोजता का? ते अचानक चढलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. स्टेरॉइड तर कोणाच्या सांगण्यावरून अजिबात सुरू करू नका, या आजारात जास्त डोस किडनीला महागात पडू शकतो. थंडीत काकूंना हातमोजे घालायला लावा. आणि लॅबमधून बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक मागून जपून ठेवा, पुढे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्यायचं झालं तर तोच लागतो.