थकवा आणि डोळ्यांची चुरचुर सोबत असेल, तर तोंड कोरडं पडतंय का तेही बघा

प्रश्न: वय ३६, बँकेत नोकरी. रात्री सात-आठ तास झोप होते, तरी दुपारपासून अंग गळून जातं. डोळे दुखतात, चुरचुरतात. घरचे म्हणतात मोबाइलमुळे. आणखी काय कारण असू शकतं?

उत्तर:

"घरचे म्हणतात मोबाइलमुळे" एवढं वाचलं आणि लिहायला बसले. हे वाक्य आमच्या घरात काही वर्षं रोज ऐकलंय.

मोबाइलने डोळे कोरडे पडतात हे खरं आहे. एरवी माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो. स्क्रीनवर नजर खिळली की ते निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं आणि डोळ्यावरचा पाण्याचा थर वाळतो. बँकेत दिवसभर कॉम्प्युटर आणि वरून एसीचा झोत, म्हणजे तुमच्याही डोळ्यांना त्रास होणारच. पण सुट्टीत चार दिवस स्क्रीन बंद ठेवूनही डोळे तसेच आणि अंगही तसंच जड असेल, तर सगळं मोबाइलच्या माथी मारून मोकळं होऊ नका. मोबाइलने डोळे थकतील. जिना चढताना मांड्या कशाला भरून येतील?

माझी थोरली बहीण सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चाळिशीच्या आसपास तिचे डोळे चुरचुरायला लागले. कुसळ गेल्यासारखं टोचतंय म्हणायची. सकाळी उठली की पापण्या बुबुळाला चिकटलेल्या असायच्या. एकदम डोळे उघडले तर सोलल्यासारखं दुखायचं, म्हणून आधी बोटांच्या टोकांनी अलगद पापण्या सोडवायची, मग उठायची. शाळेतून आली की चपला न काढता सोप्यातल्या भिंतीला टेकून बसायची. तिथून उठून चुलीपर्यंत जायचं म्हटलं तरी तिला मनाची तयारी करावी लागायची. झोप व्हायची, पण झोपून उठल्यासारखं कधी वाटायचं नाही.

दाजींचं निदान पहिल्या आठवड्यात तयार होतं. मोबाइल. त्या वेळी शाळेची सगळी माहिती ऑनलाइन भरायची असायची, शिक्षकांच्या ग्रुपवर रात्री दहा वाजता पत्रकं यायची, ती बघितली नाहीत तर सकाळी बोलणी खावी लागायची. तरी ताईने घरात मोबाइल हातात धरणं जवळपास सोडलं. फरक शून्य. मग निदान बदललं: हिला कामाचा कंटाळा आहे.

डोळ्यांच्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी टॉर्च मारून बघितलं, अ‍ॅलर्जी आहे, खडूच्या धुळीची, असं सांगितलं आणि रोज रात्री घ्यायला लिव्होसेट्रिझिन लिहून दिली. ही गोष्ट तुम्ही नीट लक्षात घ्या, कारण अशा गोळ्या आपल्याकडे शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात. सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, सर्दीच्या गोळ्यांत असतं ते क्लोरफेनिरामिन, या सगळ्यांनी सर्दीचं पाणी थांबतं तसं डोळ्याचं आणि तोंडाचंही पाणी कमी होऊ शकतं, आणि गुंगी दुसऱ्या दिवशीपर्यंत राहू शकते. म्हणजे डोळे कोरडे आणि अंग सुस्त असलेल्या बाईला डोळे आणखी कोरडे करणारी आणि अंग आणखी सुस्त करणारी गोळी रोज चालू होती. ती आणखी गळत गेली आणि घरात म्हणायला लागले, आता तर औषध चालू आहे, तरी हिचं रडगाणं आहेच.

त्याच काळात आमचे अण्णा गेले. ताई अण्णांची सगळ्यात लाडकी. ती उशाशी बसून होती, चेहरा पिळवटलेला, घशातून हुंदके येत होते आणि डोळे ठणठणीत कोरडे. नुसते लाल. जमलेल्या बायकांत आमची एक चुलत आत्या मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "बापासाठी पोरीच्या डोळ्याला टिपूस नाही." ते मी आजही विसरलेले नाही. ताईला रडू येत होतं, पाणी येत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी तयारच होत नव्हतं हे आम्हाला नंतर कळलं, आणि आत्याला मी ते मुद्दाम घरी जाऊन सांगितलं.

सुगावा लागला तो ताईच्या सासूबाईंना. त्या पंगतीला समोर बसायच्या. त्यांनी एके दिवशी मला सांगितलं, "तुझी बहीण भाकरी गिळत नाही, पाण्याबरोबर खाली ढकलते. घासाला घोट लागतो तिला." मी बघितलं तर तसंच होतं. कोरडी भाकरी, चटणी, पोहे, काहीही पाण्याशिवाय उतरत नव्हतं. उशाला तांब्या, शाळेच्या पर्समध्ये बाटली, वर्गात शिकवताना जीभ टाळ्याला चिकटायची. तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तहान लागणं हा काही आजार वाटत नाही. शुगर तपासून झाली होती, ती नॉर्मल होती. सासूबाई तिला त्यानंतर भाकरी आमटीत कुस्करून काला करून द्यायला लागल्या.

पुढे दात दुखायला लागले म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. गोडधोड न खाणाऱ्या बाईच्या दातांना हिरडीलगत ओळीने कीड लागलेली बघून त्यांनी लगेच विचारलं, "तोंड कोरडं पडतं का? आणि डोळे?" दोन्हीला हो म्हटल्यावर त्यांनी दाताचं काम नंतर करू म्हणून आधी मिरजेला दुसऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

तिथे केलेली तपासणी साधी होती. खालच्या पापणीच्या आत फिल्टर पेपरची बारीक पट्टी अडकवतात आणि डोळे मिटून बसायला सांगतात. पाच मिनिटांनी पट्टी किती ओली झाली ते मोजतात. याला शिर्मर टेस्ट म्हणतात. साधारण १० मिलिमीटरच्या वर ओली व्हायला हवी. ५ किंवा त्याहून कमी म्हणजे डोळा खूपच कोरडा. कुणाच्याही पापणीत कागद खुपसला तर डोळ्याला धार लागते. ताईच्या पट्टीचं नुसतं टोक ओलं झालं होतं. बाकी पट्टी जशी घातली तशी कोरडी बाहेर आली. मग डोळ्यात रंग घालून निळ्या उजेडात बुबुळ दाखवलं, त्यावर ठिपकेच ठिपके. कोरडेपणाने वरचा थर ठिकठिकाणी सोलवटला होता. इतके दिवस जिला "काही झालेलं नाही" म्हणत होते, तिचं हे बुबुळ.

पुढे संधिवाताच्या तज्ज्ञांकडे. हो, डोळ्यांसाठी संधिवाताचे डॉक्टर. रक्तात एएनए आणि एसएसए (यालाच अँटी-रो म्हणतात) या, शरीर स्वतःवरच उलटलंय का ते दाखवणाऱ्या तपासण्या झाल्या आणि खालच्या ओठाच्या आतून लाळेच्या बारीक ग्रंथींचा तुकडा काढून तपासला. शोग्रेन सिंड्रोम निघाला. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनचे डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी १९३३ साली १९ स्त्री रुग्णांवरून हा आजार सविस्तर मांडला. पुरुषांपेक्षा बायकांना हा साधारण नऊपट जास्त होतो, आणि बहुतेकींना चाळिशी ते साठीच्या दरम्यान. म्हणजे नेमक्या अशा वयात, जेव्हा थकले म्हटलं की घरचे पाळी जायचं वय झालं म्हणून विषय मिटवतात. आणि यातला थकवा खरा असतो. ग्रंथी सुकल्या एवढ्यावर हे थांबत नाही, सांधे दुखतात, अंग मोडून येतं.

दाजींना मी तेव्हा एकच गोष्ट सांगितली. टेनिसची व्हीनस विल्यम्स, विम्बल्डनचं एकेरीचं विजेतेपद पाच वेळा मिळवलेली. २०११ मध्ये ती यूएस ओपनमधून दुसऱ्या फेरीआधी बाहेर पडली आणि आपल्याला शोग्रेन असल्याचं तिने जाहीर केलं. निदान होण्याआधी तीही काही वर्षं थकव्याने हैराण होती. तिला कामाचा कंटाळा होता असं म्हणायची कुणाची छाती आहे का? दाजी गप्प बसले, पण पटलं असं नाही. आजही ताई दुपारी आडवी झाली की "गोळ्या चालू आहेत ना, मग आता काय?" असं विचारतात. म्हणून इथेही लिहिते: ताईला हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालू आहे, सांधे पुष्कळ सुधारले, थकवा कमी झाला पण गेलेला नाही. हा आजार मुळापासून जात नाही, तो सांभाळावा लागतो. दुपारची विश्रांती हा त्या सांभाळण्याचाच भाग आहे. लिव्होसेट्रिझिन बंद झाल्यावर मात्र सकाळची गुंगी आठवडाभरात उतरली.

डोळ्यांच्या थेंबांबद्दल माझं मत कडक आहे. मेडिकलमध्ये जाऊन "डोळे लाल होतात, काहीतरी द्या" म्हणू नका. लाली घालवणाऱ्या थेंबांनी तेवढ्यापुरती लाली जाते आणि मग दुप्पट परत येते. स्टेरॉइडचे थेंब तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घालतच राहिले तर काचबिंदू आणि मोतीबिंदूपर्यंत नेतात, आणि आपल्याकडे ते चिठ्ठीशिवायही हातात पडतात. ताईला कृत्रिम अश्रूंचे थेंब दिले आहेत. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले मागून घ्यावेत, नाहीतर ते रसायनच डोळ्याला टोचतं.

आता तुमच्याबद्दल. तुम्हाला शोग्रेन आहे असं मी म्हणत नाही. तो फार कमी जणांना होतो, आणि तुमच्या वयात थकव्याची साधी कारणंच जास्त सापडतात. तुम्ही बाई आहात की पुरुष तेही लिहिलेलं नाही. बाई असाल तर सगळ्यात आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं होतं, आणि हिमोग्लोबिन ठीक असूनही साठ्यातलं लोह आटलेलं असू शकतं, ते फेरिटिनमध्येच कळतं. त्याच वेळी टीएसएच (ही थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि शुगर करून घ्या. थायरॉइडमध्ये थकवा तर येतोच, काहींचे डोळेही धरतात. शाकाहारी असाल तर बी-१२ टाळू नका.

पुरुष असाल, किंवा बाई असलात तरी, घोरता का ते शेजारी झोपणाऱ्याला विचारा. रात्री श्वास मध्येच अडकत असेल तर आठ तासांची झोप नावापुरती असते. सकाळी डोकं जड आणि दुपारी खुर्चीत डुलकी. स्लीप अ‍ॅप्निया (म्हणजे हाच झोपेत श्वास अडकण्याचा आजार) असलेल्या काही जणांच्या पापण्या सैल पडतात, झोपेत उशीवर घासल्या जातात आणि सकाळी डोळे लाल, चिकट होतात. अशा माणसाचे डोळे आणि थकवा, दोन्हींचं मूळ रात्रीच्या श्वासात असतं. घोरणं म्हणजे गाढ झोप असं आपल्याकडे कौतुकाने सांगतात, ते साफ चूक आहे. वजन जास्त असेल, रक्तदाब असेल तर ही तपासणी लवकर करा.

चष्म्याचा नंबरही तपासून घ्या, वाढलेल्या नंबराने कॉम्प्युटरवर डोळे आणि कपाळ दोन्ही दुखतं. पापण्यांच्या कडेला कोंडा धरत असेल तर रोज सोसेल एवढा गरम शेक घ्यायचा, त्याने बराच फरक पडतो. मन उदास असेल, कशात गोडी वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यातही अंग असंच गळतं.

डोळा एकाच बाजूचा लाल होऊन ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा दिसायला धूसर झालं असेल, तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मी डॉक्टर नाही, बहिणीच्या फाइली वागवत फिरलेली बाई आहे. माझ्या लिहिण्यावरून कुठली गोळी चालू करू नका, आणि डॉक्टरांनी दिलेली बंदही करू नका, आधी त्यांना विचारा.

जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, सर्दीच्या, झोपेच्या, पित्ताच्या, सगळ्या. तोंड कोरडं पडत असेल तर ते विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा. आणि मोबाइलमुळे म्हणणाऱ्यांपैकी एकाला सोबत न्या, डॉक्टर जे दाखवतील ते त्यालाही समोर बसून बघू दे. ताईच्या वेळी दाजी त्या पट्टीच्या दिवशी आले असते तर माझे पुढचे निम्मे वाद झालेच नसते.