पोरगी टीव्हीवर चालली, तर आधी बँकेत जा

भाऊ, पोरीची मालिकेत निवड झाली, पेढा पोचला. आता जरा माझं ऐक. मीही सहाव्या वर्षापासून पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांत होतो. दिवाळी ते होळी रात्रभर जागरण, अन् सकाळी शाळेत बाकावर डोकं. मानधन मोठ्यांच्या खिशात, माझ्या हातात मुरमुऱ्याचा पुडा. मिसरूड फुटली तसं बोलावणंच बंद.

म्हणून पैशाचं आधी बोलतो. २०१७ च्या बालकामगार नियमांप्रमाणे बालकलाकाराच्या कमाईतला किमान २० टक्के हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्याच नावाच्या मुदतठेवीत थेट जमा व्हायला पाहिजे. तो हिस्सा ती सज्ञान झाल्यावर तिचा. हे करारात लिहून घे, पावतीची झेरॉक्स माग. ‘नंतर पाहू’ म्हणाले तर सही करू नको. काम दिवसाला ५ तास, त्यातही सलग ३ तासांच्या वर नाही. उरलेल्या पैशावर तुझाच डोळा जाईल; धानाचं कर्ज आहे, माहीत आहे मला. पण पोरीच्या कमाईवर ट्रॅक्टर काढू नको बाप्पा!

अमेरिकेत गॅरी कोलमन नावाचा पोरगा ‘डिफरंट स्ट्रोक्स’ मालिकेमुळे घराघरांत लाडका होता. १९८९ मध्ये त्याला पैशांसाठी, ज्यांनी दत्तक घेऊन वाढवलं त्याच आईबापावर दावा लावावा लागला. जिंकला, तरी पुढे सिक्युरिटी गार्डची नोकरी केली.

गावच्या शाळेतून नाव कमी करू नको. सुट्टीत आली की रोवणीला बांधीत ने, चिखलात लोळू दे. मालिका संपल्यावर पानठेल्यावर कोणीतरी विचारेलच, ‘आता दिसत नाही का गा टीव्हीवर?’ तेव्हा उत्तर तू दे, तिच्यावर सोडू नको.