फ्लायव्हील बोल्टवर नाही, स्पिगॉटवर बसतं

तुमची पोस्ट वाचली. महिंद्राच्या एमएम ५४० जीपमधलं प्युजोचं २११२ सीसी इंजिन काढून क्वालिसचं २४४६ सीसी टाकलंत, गिअरबॉक्स जीपचाच ठेवलात, आणि आता उभ्या गाडीत न्यूट्रलला २००० आरपीएमच्या पुढे बॉडी थरथरते. क्लच दाबला तरी तेवढीच. मेकॅनिक म्हणतो माउंटिंग बदला. थांबा, माउंटिंगवर पैसे घालू नका. माझ्या जीपमध्ये टाकलेलं इंजिन वेगळं होतं, पण दुखणं हुबेहूब हेच.

अडॅप्टर प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली जोडपट्टी), लिंकेज, प्रोपेलर शाफ्टची लांबी हे तुम्ही निस्तरलेलं दिसतंय, त्यात शिरत नाही. पण "जुनं फ्लायव्हील नव्या क्रँकला मॅच करून घेतलं" हे तुम्ही एका ओळीत उरकलंय. फ्लायव्हील म्हणजे क्रँकच्या, इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या, टोकावरचं जड चाक, क्लच त्यावरच बसतो. सगळं घोडं तिथेच अडलंय असं मला वाटतं.

माझ्याकडे हे "मॅच" कसं झालं ते सांगतो. शॉपचं नाव घेणार नाही, बोर्ड मोठा होता. नव्या क्रँकच्या फ्लँजला बसावा म्हणून त्यांनी फ्लायव्हीलचा मधला बोअर वाढवला, तोही तीन जबड्यांच्या चकात रिंग गिअरवर पकडून, डायल (सेंटर किती हलतंय ते काट्यावर दाखवणारं माप) न लावता. बोअर सैल झाला. बोल्टची नवी भोकं पुठ्ठ्यावर छाप घेऊन मारली. ती जुळेनात, म्हणून फाइल फिरवून लांबट केली. म्हणजे फ्लायव्हील सेंटरला धरणारं काही उरलंच नाही, बोल्ट आवळताना जिथे सरकलं तिथे बसलं. बोल्टचं काम दाबून धरणं. सेंटर धरायचं काम क्रँकच्या स्पिगॉटचं (फ्लायव्हीलच्या बोअरमध्ये शिरणारा गोल उंचवटा) आणि डॉवेलचं (जागा पक्की करणारी पिन). टर्नरला हे ठाऊक नसावं यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. माउंटिंग बदलली, इंजेक्टर तपासले, गिअरबॉक्स उतरवला तर पायलट बेअरिंगचा (क्लच शाफ्टचं टोक धरणारं) भुगा. फ्लायव्हील बॅलन्सिंगला दिलं, तर रिपोर्ट एकदम स्वच्छ! तो रिपोर्ट खोटाही नव्हता. बॅलन्सिंगवाल्याने ते आपल्या मँड्रेलवर (जॉब धरून फिरवायच्या दांड्यावर) नीट सेंटर करून फिरवलं. क्रँकवर ते त्या सेंटरवर फिरतच नव्हतं. शेवटी क्रँकवर बसवलेल्या फ्लायव्हीलला कडेने डायल लावली, तेव्हा एका फेऱ्यात काटा २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हलला. म्हणजे अर्धा मिलिमीटर. डायल दुप्पट दाखवते, सेंटर पाव मिलिमीटर सरकलेलं.

पाव मिलिमीटरने काय होतं म्हणणाऱ्यांसाठी हिशेब: १४ किलोचं फ्लायव्हील पाव मिलिमीटर बाजूला असेल, तर ३००० आरपीएमला सुमारे ३५ किलोचा जोर क्रँकला बाहेर ओढतो, आणि त्याची दिशा सेकंदाला ५० वेळा गोल फिरते. त्यापुढे माउंटिंगचं रबर काय करणार? शॉपवाल्याचं उत्तर मात्र ठरलेलं, "जुनी गाडी आहे साहेब, डिझेल म्हटल्यावर थरथरणारच." फेरकामाचे पैसेही वर मागितले. असो.

तुमचा दोष बेल हाउसिंगचा (क्लचभोवतीच्या कवचाचा) वाटत नाही. हाउसिंग सेंटरला नसेल तर उभ्या गाडीत थरथर सहसा नसते. क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर उडतो, क्लच प्लेटचा हब फाटतो. तरी उघडलंच आहे तर डायलचा स्टँड फ्लायव्हीलवर लावून, क्रँक फिरवत हाउसिंगचा बोअरही तपासून बघा. काटा ५ थाऊच्या आत हलला पाहिजे. जास्त असेल तर अडॅप्टर प्लेटचे डॉवेल नव्याने बसवावे लागतील.

माझं मत विचाराल तर फ्लायव्हील नेहमी इंजिनाचं ठेवावं आणि क्लच प्लेटचा स्प्लाइन (शाफ्टवर बसायच्या खाचा) गिअरबॉक्सचा. इंजिनाचं फ्लायव्हील स्वतःच्या क्रँकवर कंपनीतूनच सेंटरला असतं. त्यावर हव्या त्या प्रेशर प्लेटची भोकं आणि डॉवेल मारून घ्या. हे काम व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) करा, पुठ्ठ्यावर नको. शिरोली, गोकुळ शिरगाव, भोसरी इथे जॉबवर्कवाले भरपूर आहेत, पण त्यांना भोकाचा नमुना नको, पीसीडीचं (भोकं ज्या वर्तुळावर येतात त्याच्या व्यासाचं) ड्रॉइंग द्या. फेसिंग (पृष्ठभाग तासून सपाट करणं) करायचं असेल आणि फ्लायव्हीलला पायरी असेल, तर प्रेशर प्लेट बसते तो भागही तेवढाच उतरवायला सांगा, नाहीतर दाब कमी होऊन क्लच घसरेल. जुनी भोकं वेल्डिंगने भरून देतो असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून निघा. कास्ट आयर्न आहे, आणि ते तुमच्या पायांजवळ फिरतं. क्रँकचे बोल्ट मूळचेच घ्या, कोपऱ्यावरच्या दुकानातला ८.८ ग्रेडचा नको.

पायलटचंही बघा. अडॅप्टर प्लेट १२ मिलिमीटरची असेल तर गिअरबॉक्स तेवढा मागे जातो आणि क्लच शाफ्टचं टोक पायलटमध्ये तेवढं कमी शिरतं. माझ्याकडे गनमेटलचा लांब बुश करून घ्यावा लागला. काही इंजिनांत टायमिंगची खूण फ्लायव्हीलवर असते, ती नव्यावर उतरवून घ्यायला विसरू नका.

मी इंजिनिअर नाही, मापं तुमच्या गाडीवर घ्या, माझ्या शब्दावर काही कापू नका. कागदांबाबतही एक: गाडीत बदल करण्याबाबतचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचा. आरसीशी न जुळणारं इंजिन विम्याच्या वेळी गळ्याशी येऊ शकतं, तेव्हा आधी आरटीओत विचारा.

आणि पुन्हा बॅलन्सिंगला द्याल तेव्हा फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट एकत्र द्या, मँड्रेल स्पिगॉटच्या बोअरवरच धरायला सांगा. प्लेट काढण्याआधी दोन्हींवर पंचने खूण करा, म्हणजे बसवताना त्याच जागी बसेल.