वाफ धरली तरी मास्क काढू नकोस

शेतावर मित्रांसोबत पेंटबॉल, म्हणजे गॅसच्या बंदुकीने एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायचा खेळ, खेळताय ना, मग आधी मास्कचं बघ. साधा गॉगल अजिबात नको. डोळे, कान, तोंड झाकणारा पेंटबॉलचाच मास्क घे. गोळीच्या वेगाची नेहमीची मर्यादा सेकंदाला 300 फूट असते, त्या वेगाने डोळा कायमचा जाऊ शकतो. दमट हवेत काचेवर वाफ धरते, घाम झोंबतो आणि हात आपसूक मास्ककडे जातो. आमच्यातल्या एकाने तो क्षणभर वर केला. गोळी त्याच्या कानाशेजारी आंब्याच्या खोडावर फुटली. माझे हातपाय गार पडले होते. दिसेनासं झालं तर ओरड, खेळ थांबव, सगळ्यांच्या बंदुकांच्या नळ्यांवर कव्हर चढू दे, मगच पूस. आणि गॅसची बाटली काढल्यावरही बंदुकीत एखाद्या गोळीपुरता दाब उरतो, तो जमिनीकडे झाडून टाक.